अंगाच्या मापाची वाडी

दसरा उलटला की कोकणातल्या कुठल्याही बंद घराचं खळं बघावं. पावसाच्या चार महिन्यांत गवत कमरेला लागलेलं असतं, गडग्यावर वेली चढलेल्या असतात आणि विहिरीकडे जाणारी पायवाट कुठून सुरू होते तेही कळत नाही. मुंबईतली नोकरी संपवून कायमचा गावी परतलेल्या चाकरमान्याची पहिली गाठ या गवताशी पडते. पहिल्या वर्षी तो हौसेनं कोयती घेऊन उतरतो. दुसऱ्या वर्षी गवत कापायचं यंत्र आणतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हौस तेवढीच असली तरी ते सात-आठ किलोंचं धूड खांद्याला अडकवून उतारावर तासभर उभं राहणं जमत नाही. मग वाडी अंगावर येऊ लागते. ज्या वाडीच्या ओढीनं शहर सोडलं तिच्याकडे बघितलं की छातीत धडधडायला लागतं, आणि मुलं म्हणतात, आता पुरे झालं, परत या. गावी राहायला गेलेले लोक परततात ते गाव वाईट म्हणून क्वचितच. बहुतेकदा त्यांनी हाताबाहेरचा पसारा मांडलेला असतो. निवृत्तीनंतर गावी जावं की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं. मात्र वाडी साठीच्या अंगानं मांडू नये, पंचाहत्तरीच्या अंगानं मांडावी, एवढंच मला पटवून द्यायचं आहे.

हे माप काढायची रीत साधी आहे. आपला सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांसमोर आणू नका, वाईट दिवस आणा. गुडघा सुजलाय, रात्री झोप लागलेली नाही, बाहेर पाऊस कोसळतोय आणि वीज सकाळपासून गेलेली आहे. अशा दिवशी जेवढं काम झाल्यावाचून गत्यंतर नाही, तेवढं आपल्याच्यानं होतं का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न विचारायला जड जातो, पण तो टाळून चालणार नाही. दोघांपैकी एकच मागे राहिलं, तर त्या एकाला हे सगळं झेपेल का? पंप नवऱ्यालाच चालू करता येतो, बँकेचं काम बायकोच बघते, अशी वाटणी चाळीस वर्षं चालून गेलेली असते. गावच्या घरात ती धोक्याची आहे. पंप, इन्व्हर्टर, गॅसचा नंबर, वायरमनचा नंबर, पेन्शनचं खातं यांतलं प्रत्येक काम दोघांनाही आलं पाहिजे. जे काम एकालाच येतं आणि दुसऱ्याला शिकवता येत नाही, ते त्या घरात असू नये.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण सगळे बेत तिथेच अडतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पाण्याला काय तोटा, असं बाहेरच्याला वाटतं. पण हा पाऊस जवळजवळ सगळाच जून ते सप्टेंबरात पडतो, आणि जांभ्याची जमीन त्यातलं फार थोडं धरून ठेवते. बाकीचं पऱ्ह्यातून खाडीला आणि समुद्राला जातं. एप्रिल-मे महिन्यांत याच गावांत टँकर फिरतात. तेव्हा वाडीचं माप पावसावर ठरत नाही, मे महिन्यात विहीर काय देते त्यावर ठरतं. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे अंदाजे २,२०० लिटर. मे अखेरीस संध्याकाळी पाणी उपसून काठावरच्या चिऱ्यावर खूण करावी आणि पहाटे पाणी किती चढलं ते बघावं. रात्रीत अर्धा फूट चढलं तर विहीर १,१०० लिटर देते. रोजच्या आयुष्याला आधार तेवढाच.

आता खर्च मांडू. दोन माणसांना धुणं-भांडी-आंघोळीसकट रोज २०० लिटर धरा. नारळाच्या एका झाडाला ठिबकनं उन्हाळ्यात रोज ४० लिटरांच्या आसपास पाणी लागतं. अर्ध्या गुंठ्यात भाजी केली तर एप्रिलच्या उन्हात तिला रोज अडीचशे लिटर हवेत. म्हणजे दोन माणसं, चार माड आणि अर्धा गुंठा भाजी मिळून रोजचे सहाशे-साडेसहाशे लिटर होतात. वर म्हटलेल्या विहिरीला ते पेलतं आणि पाहुणे आले तरी थोडं शिल्लक राहतं. त्याच जागी वीस माड लावले की एकट्या माडांनाच ८०० लिटर लागतात, मग मे महिन्यात भाजी जगवायची की माड, असा पेच दर वर्षी पडतो. बोअर मारू, हे उत्तर किनाऱ्यालगतच्या गावांत तपासूनच द्यावं, कारण उपसा वाढला की तिथलं पाणी मचूळ होतं, आणि एकदा मचूळ झालेली विहीर शेजाऱ्याचीही असू शकते. त्यापेक्षा छपराकडे बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी पन्हळीतून वाहून जातं. सगळं साठवणं शक्य नाही आणि गरजही नाही. दहा हजार लिटरांची झाकलेली टाकी भरून ठेवली तरी दोन माणसांचं घरखर्चाचं पाणी पन्नास दिवस निघतं. शिवाय हजार लिटरांची एक टाकी उंच चौथऱ्यावर असावी. वीज नसली तरी नळाला आणि ठिबकला उतारानं पाणी येतं. कळशीनं किंवा दोरीनं पाणी ओढायची वेळ येणार नाही, अशी सोय गावी राहायला जाण्याआधीच झाली पाहिजे.

झाडांच्या बाबतीत माणसं सगळ्यात जास्त चुकतात, कारण झाड लावणं सोपं असतं आणि त्या दिवशी फार समाधान मिळतं. दोन माणसांच्या घरात दोन दिवसांना एक नारळ म्हटलं तरी वर्षाला १८० नारळ लागतात. नीट पाणी-खत मिळालेले चार माड एवढं देऊन मुलांकडे पाठवायलाही नारळ देतात. पाचव्या माडापासून आपण बाजारासाठी काम करू लागतो. बाजारासाठी काम करायचं म्हणजे दीड-दोन महिन्यांनी माडावर चढणारा माणूस शोधायचा, आणि हल्ली गावात असा माणूस एखादाच असतो, त्याला दहा जणांनी सांगून ठेवलेलं असतं. हापूसचं तर विचारूच नका. दहा मीटर अंतरानं लावलेली एकरभर बाग म्हणजे चाळीस कलमं. मोहोर आला की तुडतुडे, भुरी आणि करपा यांच्यासाठी हंगामात सहा फवारण्यांचं वेळापत्रक पाळावं लागतं. त्यात अवकाळी पावसाची एक सर आली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. औषधाचा पंप पाठीवर घेऊन कलमाखाली उभं राहणं हे सत्तरीतल्या फुफ्फुसांचं काम नव्हे. घरापुरती दोन कलमं ठेवावीत, एखादा रायवळ लोणच्याला आणि एक फणस. पोफळी असतील तर पावसाच्या तोंडावर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारायला लागतं आणि त्यासाठी झाडाच्या शेंड्यापर्यंत जाणारा माणूस लागतो, हे मनात धरूनच त्या वाढवाव्यात.

बागेच्या उत्पन्नावर म्हातारपण काढू, असं म्हणणाऱ्यांनी ३ जून २०२० ची आठवण ठेवावी. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-दिवेआगरपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. नव्यानं लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, उंच जातीचा माडही साधारण तेवढीच. चाळिशीतला बागायतदार ही वर्षं काढू शकतो आणि त्यानं काढावीतही, कोकण त्याच्या जिवावरच हिरवं आहे. सदुसष्टाव्या वर्षी ज्याची वाडी पडली, त्याच्याकडे तेवढी वर्षं असतीलच असं धरून चालता येत नाही. म्हणून घरखर्च पेन्शन, व्याज आणि बचत यांतून निघाला पाहिजे. वाडीनं ताटात भर घालावी, तिच्यावर चूल अवलंबून ठेवू नये.

मग वाडीत करायचं तरी काय? तर भाजी, आणि तीही मनापासून. गावच्या निवृत्त आयुष्यातला खरा आनंद मला इथे दिसतो, कारण हे काम रोजचं आहे, थोडं आहे आणि चुकलं तरी महिन्यात सुधारता येतं. लाल माठ पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येतो. पावसात मांडवावर पडवळ, दोडका, काकडी चढवावी, सोबत भेंडी आणि चिबूड. पाऊस गेला की मुळा, वांगी, मिरची आणि वाल. न्हाणीचं पाणी वाया घालवू नये. न्हाणीच्या मोरीतून एक उथळ चर काढून तो आधी अळवाच्या वाफ्यातून आणि मग केळीच्या आळ्यात सोडला की या दोघांसाठी विहिरीचा थेंबही लागत नाही. सकाळी उन्हं वर यायच्या आत त्या चराकाठी उभं राहावं. अळवाच्या पानावर रात्रीचं दव पाऱ्यासारखं थरथरत असतं, बोट लावलं की घरंगळतं. कालचं कोवळं पान आज तळहाताएवढं झालेलं असतं. फतफत्यापुरती चार पानं देठासकट कापायला दोन मिनिटं लागतात. वाफे मात्र जमिनीसपाट करू नयेत. जांभ्याच्या चिऱ्याचे दोन थर रचून गुडघ्याएवढे उंच करावेत, म्हणजे काठावर बसून खुरपता येतं आणि कमरेत वाकावं लागत नाही. दोन वाफ्यांमधली वाट तीन फूट रुंद ठेवावी. आज ती जागा फुकट गेल्यासारखी वाटते, उद्या काठी किंवा वॉकर घेऊन चालायची वेळ आली तर तिचा उपयोग कळतो. माकडांचा उपद्रव असेल तर अर्धा गुंठा जाळीनं वरूनसुद्धा झाकता येतो. एकरभर जागा झाकता येत नाही. लहान वाडीच्या बाजूचा हाही एक पुरावाच आहे.

गाय पाळायची इच्छा फार जणांना असते. दुभत्या गाईला रोज पंधरा-वीस किलो हिरवा चारा आणि वर सुका चारा लागतो, धार दोन वेळा काढावी लागते, आणि वर्षात एकही दिवस सुट्टी नसते. एका रात्रीसाठीही घर सोडता येत नाही. शेजाऱ्याच्या गोठ्यातून दूध घ्यावं, शेणखतही त्याच्याकडूनच घ्यावं. चार गावठी कोंबड्या चालतील.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सगळ्यात मनाला लागणारा आहे. वाडवडिलांची जमीन आणि ती पड टाकायची? या प्रश्नामागे नुसती भावना नाही, एक जुनी भीतीही आहे. १९४८ च्या कूळ कायद्यानं आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानं कसणाऱ्याला जमीन मिळाली. तो न्याय होता, आणि व्हायलाच हवा होता. पण तेव्हापासून ‘दुसऱ्याला कसायला दिली तर जमीन जाईल’ ही धास्ती कोकणातल्या घराघरांत बसली, आणि कितीतरी जमिनी ना मालक कसतो ना शेजारी, अशा पडून राहिल्या. यावर वाट अशी की जमीन देऊ नये, फळ द्यावं. आंब्या-काजूची कलमं एका हंगामापुरती कराराने देण्याची पद्धत कोकणात रूढ आहेच. करार लेखी असावा, त्यात फळाचाच उल्लेख असावा, मुदत लिहिलेली असावी, आणि सही करण्याआधी तालुक्याच्या वकिलाला तो एकदा दाखवावा. त्याआधी सातबारा काढून बघा. कोकणात एका सातबारावर पंचवीस-तीस नावं असणं नवलाचं नाही, आणि सामायिक जमिनीत घातलेलं कुंपण किंवा पाडलेली विहीर म्हातारपणी भावकीत भांडण लावते. उरलेल्या डोंगरउतारावर काहीच केलं नाही तर तिथे ऐन, किंजळ, जांभूळ, करवंद आपोआप येतात. ते रान होणं म्हणजे जमीन वाया जाणं नव्हे. वणवा येऊ नये म्हणून हिवाळ्यात हद्दीवरचं गवत माणूस लावून कापून घेतलं की तेवढं कर्तव्य पार पडतं.

दुसरा आक्षेप असा की माणसं लावू, पैसे देऊ. माणसं मिळत नाहीत, हे आंबा बागायतदारांना विचारा. रत्नागिरी-देवगडच्या कित्येक बागांची राखण आज नेपाळहून आलेली कुटुंबं करतात, कारण इथली तरुण मुलं मुंबई-पुण्याला आहेत. आणि माणूस मिळाला तरी त्याला काम सांगणं, त्याच्या मागे उभं राहणं, त्याचा हिशेब ठेवणं हेही कामच आहे. तेसुद्धा पंचाहत्तरीत जड होतं. वर्षातून आठ-दहा दिवस माणूस लागेल इतपतच काम असावं, म्हणजे त्याला चांगली मजुरी देता येते आणि तो पुढच्या वर्षीही येतो. मुलं येतील, हा भरवसा तर वाडीच्या हिशेबात धरूच नये. मुलं गणपतीला आणि मे महिन्यात येतात. वाडीला हात लागतात ते जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर आणि ऑक्टोबरात गवत वाढल्यावर. या दोन्ही वेळी शाळा आणि ऑफिसं चालू असतात. त्यात मुलांचा दोष काही नाही.

तिसरा आक्षेप, काम कमी केलं तर शरीर गंजेल. शरीराला कामाचा सराव हवा, हे अगदी खरं. पण शरीर राखतं ते रोजचं दीड-दोन तासांचं काम, चार दिवस जीव तोडून केलेलं आणि मग आठवडाभर अंथरुणाला खिळवणारं नव्हे. मोठी वाडी काम रोज सारखं वाटून देत नाही. ती हंगाम आला की सगळं एकदम मागते. लहान वाडीत सकाळी पाणी-खुरपणी, दुपारी सावलीत बी निवडणं किंवा सोलं वाळवणं, संध्याकाळी एक फेरी, आणि मधले तास वाचायला, भजनाला, गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात जायला मोकळे राहतात. गावात माणसं जोडायला वेळ लागतो. सतत आपल्या कुंपणात वाकून बसलेल्या माणसाकडे तो उरत नाही, आणि अडीनडीला धावून येतो तो शेजारीच.

ही अडीनड काय असते तेही स्पष्ट बोललं पाहिजे. कोकणात पडून हाड मोडण्याची जागा म्हणजे जूननंतरचं घराभोवतीचं अंगण. जांभ्याच्या चिऱ्यावर आठ दिवसांत हिरवं शेवाळ धरतं, आणि घर ते संडास, घर ते विहीर या वाटेवर पाय सटकतो. आठवड्याला एकदा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासणं आणि वाटेच्या कडेला हाताला धरायला पाइप बसवणं, या दोन गोष्टींइतका स्वस्त वैद्यकीय विमा दुसरा नाही. कमोड आणि न्हाणी घराच्या आत हवीत. पावसाआधी कौलं चाळायला स्वतः चढू नये. अंधार पडल्यावर विजेरीशिवाय आणि पायात बूट-चपलेशिवाय खळ्यात उतरू नये, कारण फुरसं या जांभ्याच्या मुलखात सर्रास आढळतं. साप चावला तर जखम कापू नका, करकचून बांधू नका, अंग हलू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी याच भूमीत दाखवून दिलं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ही औषधं असतात आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे गावी राहायला जायच्या आधी जाऊन विचारावं. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडताप आढळला आहे. तिथे मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं. सत्तरी पूर्ण झाली असेल तर आयुष्मान कार्ड काढून घ्या, २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. एसटीत पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. तालुक्याच्या गावी महिन्यातून दोनदा जायला दुसऱ्या वाहनाची गरज पडत नाही, आणि डोळे मंदावल्यावर घाटातून दुचाकी चालवायचा मोह तरी टळतो.

तेव्हा निवृत्तीला एक-दोन वर्षं उरली असताना मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रजा काढा आणि दोघांनी मिळून गावी जा. आंबे संपत आलेले असतील, पाहुणे परतलेले असतील, उकाड्यानं जीव नकोसा झालेला असेल. आठ दिवस तसेच राहा. संध्याकाळी विहिरीच्या चिऱ्यावर खूण करा, पहाटे पाणी किती चढलं ते मोजा, आणि तो आकडा घरी वहीत लिहून ठेवा. नर्सरीत रोपं आणायला त्यानंतरच जा.